कालवकोटची हाकेवाली

पुष्पाबाईने स्वतःच्या मरणाची बातमी असोद्याच्या पिठाच्या गिरणीत ऐकली.

डिसेंबरातली सकाळ होती. ज्वारीचा डबा रांगेत लावून ती बाकड्यावर बसली होती. शेजारी कॉलेजातल्या दोन मुली एका मोबाइलवर डोकी जोडून काहीतरी बघत होत्या. गिरणीच्या घरघरीत त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मग पट्टा सटकला, गिरणी बंद पडली आणि मोबाइलमधला माणूस एकदम खोलीभर बोलायला लागला.

"...सहा वर्षांपूर्वी जळगावहून आलेल्या एका तरुणाला तिने हाक मारली. मित्र अडवत होते, पण तो कुणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. दोन दिवसांनी त्याचं प्रेत खाडीत सापडलं. त्या धक्क्याने त्याची आई महिन्याभरात वारली. आणि आता कालवकोटच्या बुरुजावरून एक नाही, दोन बायकांच्या हाका येतात..."

मुलींनी मान वर केली. समोर कोण बसलंय ते ध्यानात आल्यावर एकीने घाईघाईने मोबाइल ओढणीखाली दडवला. "काकू, खरंच, आम्हाला माहीत नव्हतं..."

"पुन्हा लाव," पुष्पाबाई म्हणाली.

तिने ते तीनदा पाहिलं. पडक्या भिंती, मावळता सूर्य, कुठूनतरी लावलेला रडण्याचा आवाज. नीलेशचा फोटोही होता, चेहरा पुसट केलेला. पण चौकड्यांचा शर्ट तिनेच जळगावच्या फुले मार्केटातून आणला होता. दळण न घेताच ती घरी आली.

नीलेश तिचा थोरला. चोवीस वर्षांचा असताना चुलतभाऊ हितेंद्र आणि दोन दोस्त, कुंदन नि योगेंद्र, यांच्याबरोबर कोकणात फिरायला गेला होता. चौघं गेले, तिघं आले. त्या वेळी चुडामण, म्हणजे तिचा नवरा, गावातल्या दोघांना घेऊन तिकडे गेला आणि पोराला गाडीतून घेऊन आला. पुष्पाबाईला कुणी नेलं नाही. हितेंद्रने तेव्हा रडत रडत सांगितलं होतं की संध्याकाळी किल्ल्यावर नीलेश अचानक गप्प झाला, कुणीतरी हाक मारल्यासारखा वळला आणि चालायला लागला. तिथल्या लोकांनीही तेच सांगितलं. त्या किल्ल्यावर हाकेवाली आहे. जुन्या काळच्या किल्लेदाराची सून. नवऱ्याचं गलबत डोळ्यांदेखत खडकावर फुटलं, तेव्हा ती त्याच्या नावाने हाका मारत बुरुजावरून खाली गेली. तेव्हापासून ती दिवेलागणीला हाका मारते. ज्याला हाक मारते, त्याच्या घरच्या माणसाचा आवाज काढते. ओ दिली की माणूस गेला.

सहा वर्षं पुष्पाबाई याच गोष्टीवर जगली. शिव्या द्यायला एक बाई होती. पोरगा बेसावध नव्हता, दारू प्यालेला नव्हता, त्याला तिने नेलं. कधीकधी तर तिला वाटायचं, त्या बाईने आपलाच आवाज काढला असणार. आईच्या हाकेला ओ दिली म्हणून पोरगा गेला. या विचाराने ती तासन् तास भिंतीकडे बघत बसायची.

पण आज त्या मोबाइलातल्या माणसाने तिला मारून त्याच बुरुजावर नेऊन बसवलं होतं.

दुपारी चुडामण केळीच्या बागेतून जेवायला आला. करपा रोगाने वाळलेली पानं कापून त्याचे हात काळे झाले होते. तो हात धूत असतानाच ती म्हणाली, "मले तिथी जायचं हाये."

कुठे, ते त्याने विचारलं नाही. "काय करशील तिथी जाऊन?"

"मी जिवंत हाये, एवढं सांगून येते त्याह्यले. आन् जागा पाहून येते. तुमी पाहिली, मी नाही पाहिली."

चुडामण ताटावर बसला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून राहिला. "मी नाही येनार. मी एकदा पाहिलं ते लय झालं."

भूमिका, नीलेशच्या पाठची, जळगावात एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामावर होती. तिने रजा काढली. आता गाडीचा प्रश्न होता, आणि गाडी हितेंद्रकडे होती. तो शेजारच्याच घरात राहायचा, भिंतीला भिंत लागून. नीलेश गेल्यापासून त्याने काका-काकूंचं काही म्हणून अडू दिलं नव्हतं. खतांच्या गोण्या आणणं, चुडामणच्या डोळ्यांचं ऑपरेशन, भूमिकाला रात्री स्टँडवरून घेऊन येणं, सगळं तोच करायचा. लोक म्हणायचे, पोटचा पोरगाही एवढं करत नाही.

पुष्पाबाईने त्याला सांगितलं तेव्हा तो ओट्यावर बसून लेकीच्या सायकलीची चेन बसवत होता. त्याचा हात थांबला.

"काकू, कशाले? त्या मोबाइलवाल्याह्यले काय, काहीही सांगतात."

"तुले नसन जमत तं मी यष्टीनं जाते."

त्याने चेन दातांवर चढवली, पायडल एकदा फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "नको. मी नेतो तुमाले."

पहाटे पाचला इको गाडीतून ते निघाले. धुळ्यापर्यंत हितेंद्र बोलत होता. रस्ता कुठे खराब आहे, कुठल्या धाब्यावर चहा बरा मिळतो. मालेगाव, नाशिक मागे पडलं तसं बोलणं कमी कमी होत गेलं. घाट उतरताना भूमिकाने त्याला दोनदा काहीतरी विचारलं, ते त्याला ऐकूच आलं नाही. हवा चिकट झाली. अंधार पडताना ते किनाऱ्यावरच्या वाडीत पोचले. एका घरी दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. पुष्पाबाईने समुद्र त्या दिवशी पाहिला नाही, फक्त ऐकला. कुणीतरी मोठं जनावर श्वास घेत पडलंय, असं तिला वाटलं.

सकाळी दिसला. किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर पाण्यात किल्ला उभा होता. तिला वाटला होता त्यापेक्षा कितीतरी जवळ. ओहोटी होती, आणि किल्ल्यापासून वाडीच्या दिशेने काळ्या खडकांची एक ओळ पाण्यातून वर आली होती, मोडक्या दातांसारखी.

"एवढं जवळ?" ती म्हणाली. "एवढ्यातच?"

हितेंद्र गाडीला टेकून उभा होता. "तुमी जाऊन या, काकू. मी इथी थांबतो. मले होडीत मळमळतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. पण होडीवाला हाका मारत होता, तिकिटं फाडली गेली होती. ती आणि भूमिका चढल्या. होडीत दहा-बारा माणसं होती. पुण्याकडचं एक मोठं कुटुंब आणि कॉलेजची चार पोरं. सुकाणूवर सत्तरीचा, वाळलेल्या अंगाचा म्हातारा बसला होता. सगळे त्याला धाकू नाखवा म्हणत होते.

किल्ल्यावर पिवळी टोपी घातलेला एक तरुण गाइड पुढे झाला. तटाला चिकटलेले कालवांचे शिंपले दाखवून त्याने किल्ल्याचं नाव कसं पडलं ते सांगितलं, मग तोफा, मग गोड्या पाण्याची टाकी. पुष्पाबाई पदर डोक्यावर घट्ट धरून मागून चालत होती. पश्चिमेच्या बुरुजाखाली एक कमानीची अंधारी खोली होती. तिथे सगळ्यांना उभं करून त्याने आवाज खाली आणला.

"इथं आपलं नाव घेऊन हाक मारायची नाही. दुसऱ्याचं घ्या, चालेल."

कॉलेजच्या पोरांनी एकमेकांची नावं घेऊन आरोळ्या ठोकल्या. आवाज दगडांतून फिरून परत आला. हशा झाला. मग गाइडने हाकेवालीची कथा सांगितली आणि शेवटी जळगावच्या पोरावर आला. "तो इथंच उभा होता. तीन वेळा ओ दिली त्याने. मित्रांनी हात धरले, पण अंगात दहा माणसांचं बळ आलेलं. त्याची आई तर पुढे..."

"त्याची आई मी हाये," पुष्पाबाई म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता, पण त्या खोलीत तो चारी बाजूंनी आला. पुण्याच्या बाईने आपल्या नातवाला जवळ ओढलं. गाइडने टोपी काढली, पुन्हा घातली.

"मावशी, मला माफ करा. मी तेव्हा बारावीत होतो. आम्हाला सांगतात तसं आम्ही सांगतो."

"कोनं सांगलं?"

"सगळेच सांगतात."

"पहिल्यांदा कोनं सांगलं?"

त्याची नजर दरवाजातून खाली धक्क्याकडे गेली, जिथे होडी बांधलेली होती.

धाकू नाखवा होडीच्या काठावर बसून विडी ओढत होता. दोघी पायऱ्या उतरून येताना त्याने पाहिलं, आणि जवळ येईपर्यंत त्याने विडी पाण्यात टाकली होती. भूमिकाने सांगायला सुरुवात केली, तर त्याने हात वर केला.

"मी होडीतच ओळखलं, बाय. तुझा बोल ऐकला. पोराच्या बापाचा बोल तसाच होता, तो न्यायला आला तेव्हा." त्याने होडीचा दोर उगाच घट्ट केला. "तू मेलीस असं मी नाही सांगितलं. ते पोरांनी जोडलं. बाकीचं मी सांगितलं."

"मंग खरं काय ते सांगा," पुष्पाबाई म्हणाली आणि ओल्या पायरीवरच बसली.

धाकूने सांगितलं ते असं. त्या दिवशी त्याच्याच होडीतून चार पोरं आली होती. शेवटची फेरी साडेपाचला सुटते. धक्क्यावर तीनच आली, हसत, एकमेकांना ढकलत. त्याने विचारलं, चौथा कुठाय? ती म्हणाली, तो मघाच्या होडीतून गेला. धाकूला शंका आली. वर जाऊन एक चक्कर मारायला दहा मिनिटं लागली असती. पण भरती सुरू झाली होती, होडीतली माणसं घाई करत होती. तो गेला नाही. होडी सोडली.

"दिवेलागणीनंतर माझी बायको म्हणाली, किल्ल्यावरून कोण हाक मारतंय. मी बाहेर आलो. वारा किल्ल्याकडचाच होता, साफ ऐकू येत होतं. 'ओ भाऊ, ओ भाऊ' म्हणून. बायको म्हणाली, हा पुरुष माणूस आहे, होडी काढा. मी म्हटलं, आत ये, दार लाव. लहानपणापासून आम्हाला तेच शिकवलंय, बाय. किल्ल्यावरून हाक आली की दार लावायचं. सगळ्या वाडीनं ऐकली हाक. सगळ्या वाडीनं दारं लावली. कुणी टीव्ही मोठा केला."

"किती वेळ?" भूमिकाने विचारलं.

"नऊ वाजेपर्यंत असेल. आधी वरून येत होती, नंतर खालून यायला लागली, पाण्याजवळून. तो खडपावरून, त्या काळ्या खडकांवरून, चालत यायला निघाला होता बहुतेक. ओहोटीत ते उघडं बघून कुणी सांगितलं असेल त्याला, की वाट आहे. भरतीत तिथं दोन पुरुष पाणी असतं."

समोर खडकांची ती ओळ अजून उघडी होती. एक बगळा त्यावरून सावकाश चालत होता.

"मला तेव्हासुद्धा ठाऊक नव्हतं," धाकू म्हणाला. "सकाळी सहाला कळलं. ती तिघं धक्क्यावर येऊन उभी होती, पहिली होडी सोडा म्हणून. एकाच्या हातात नाश्त्याचं पार्सल होतं. कुणासाठी ते मी विचारलं, तर तो पोरगा बोलेना. मग मला समजलं, रात्री कोण हाक मारत होतं ते."

"पोलिसांना नाही सांगितलं?" भूमिका म्हणाली.

"काय सांगू? माणसं न मोजता होडी सोडली, असं? माझा परवाना गेला असता. आणि वाडीचं काय? आम्ही ऐकत बसलो, हे कोण सांगणार? तिकडून ती पोरं म्हणायला लागली, त्याला कुणीतरी हाक मारली. आम्ही म्हटलं, हो, हाकेवालीच. सगळ्यांनाच ते बरं पडलं." त्याने पहिल्यांदाच पुष्पाबाईच्या डोळ्यांत बघितलं. "माझी बायको त्यानंतर माझ्याशी सरळ बोलली नाही. गेल्या साली गेली."

पुष्पाबाईने पदराने तोंड दाबून धरलं होतं. रडू येत नव्हतं. तिला सारखं एकच दिसत होतं. आपला पोरगा, असोद्याच्या विहिरीत वरून सूर मारणारा, समोर वाडीतले दिवे बघतोय आणि म्हणतोय, एवढं तर अंतर आहे. आणि सगळी दारं बंद.

"हे लिहून द्याल?" ती म्हणाली.

धाकूने मान हलवली. होकाराची होती. "आता मला कशाला भ्यायचं?"

दुपारी त्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा हितेंद्र गाडीत बसला होता. काचा वर केलेल्या, आत ऊन साठलेलं, आणि तो घामाने निथळत होता. पुष्पाबाईने दार उघडलं आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. तिला पाहूनच तो समजला.

"नाश्त्याचं पार्सल कोनाच्या हातात व्हतं?" तिने विचारलं.

हितेंद्रने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. "माझ्या."

"काय व्हतं त्याच्यात?"

"काकू..."

"काय व्हतं?"

"पोहे. आन् दोन वडे."

मग तो बोलायला लागला, आणि थांबेना. पैज लागली होती. नीलेश म्हणत होता, भूतबीत काही नसतं, मी एकटा राहून दाखवतो. कुंदन म्हणाला, तासाभरात रडशील. नीलेश शेवटी म्हणाला, चेष्टा पुरे, चला. तो टाकीकडे पाणी प्यायला गेला तेव्हा तिघं पळत धक्क्यावर आले. सकाळी पहिल्या होडीने आणू, एवढंच ठरलं होतं. सातला नीलेशचा फोन आला. यांनी स्पीकरवर लावला.

"काय म्हने तो?"

"म्हने, हितू, थंडी लय हाये, काहीतरी करून होडी पाठव. आमी हसलो. योगेंद्र म्हने, हाकेवाली हाये नं सोबतीले. तो शिव्या द्यायला लागला. मंग फोन बंदच पडला, बॅटरी संपली त्याची."

"मंग?"

हितेंद्रने काचेतून समोरच्या वाळूकडे बोट केलं. "मले चैन पडेना. मी एकटाच इथी आलो, किनाऱ्यावर. साडेआठ झाले असतीन. कोनीच नव्हतं. आन् हाक आली. माझं नाव घेतलं, काकू. 'हितू, ओ हितू.' नीलेशचाच आवाज. पन त्या दिवशी तिथल्या गाइडनं सांगलं व्हतं नं, ती घरच्या मानसाचा आवाज काढते. मले वाटलं ती हाये. खरंच वाटलं. मी कानावर हात ठेवून पळालो. खोलीत जाऊन गोधडीत घुसलो."

बाहेर भूमिका उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने गाडीच्या छतावर इतक्या जोरात हात आपटला की हितेंद्र दचकला. "आई, उतर. याच्या गाडीत मी बसणार नाही. आपण एसटीने जाऊ."

"बस," पुष्पाबाई म्हणाली.

"आई!"

"बस म्हनते नं. हा गाडी चालवीन. घरी जाऊन तुझ्या आबाले हा स्वतः सांगीन, आपल्या तोंडानं. हा वाटेत पळून गेला नाही पाहिजे. म्हनून मी याच्या शेजारी बसते."

निघण्याआधी त्यांनी धाकूकडून दोन पानं लिहून घेतली. भूमिकाने लिहिली, त्याने खाली वेडीवाकडी सही केली. मग रात्र नाशकात धर्मशाळेत काढून दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास ते असोद्यात पोचले. एवढ्या वाटेत पुष्पाबाई त्याच्याशी दोनदाच बोलली. एकदा समोर ट्रक आला तेव्हा, "सांभाळून," आणि एकदा, पारोळ्याच्या अलीकडे, "तू जेवून घे."

चुडामण अंगणात केळीच्या दोऱ्या वळत बसला होता. हितेंद्र त्याच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. भिंतीपलीकडून त्याची आई, कौतिकबाई, काय झालं म्हणून बघायला आली, आणि दारातच उभी राहिली. चुडामणने दोरी वळणं थांबवलं नाही. पोहे, फोन, खडप, सगळं ऐकेपर्यंत त्याचे हात चालत होते. हितेंद्र किनाऱ्यावरच्या हाकेपाशी आला तेव्हा मात्र थांबले.

"किती हाका ऐकल्या तू?"

"काका, मी..."

"मोज. किती?"

"चार. का पाच."

"आवाज कसा व्हता? वरडत व्हता, का रडत व्हता?"

हितेंद्रने मान खाली घातली. "पहिले वरडत व्हता."

चुडामण उठला. तो मारेल असं सगळ्यांनाच वाटलं. हितेंद्रने तर तोंड वर केलं होतं, मार खायला तयार. पण चुडामण त्याला वळसा घालून गोठ्याकडे गेला, आणि तिथून गळा चिरल्यासारखा आवाज आला. गाय दाव्याला ओढ देऊन उभी राहिली. सहा वर्षांत चुडामण रडलेला कुणी पाहिला नव्हता. त्या दिवशीही कुणी पाहिला नाही, नुसता ऐकला.

पुढच्या आठवड्यात पुष्पाबाईने भूमिकाला घेऊन पोलिसांत अर्ज दिला. तिथल्या माणसाने सांगितलं, हे तिकडच्या हद्दीतलं, अपघाती मृत्यू म्हणून केव्हाच बंद झालंय, तरी अर्ज पुढे पाठवू. हितेंद्रने जबाब लिहून दिला. कुणी बळजबरी केली नाही. कुंदन पुण्यात नोकरीला होता, त्याने वकिलाकरवी कळवलं की असं काही घडलंच नाही. योगेंद्रचं जामनेरला बियाण्यांचं दुकान होतं. त्याचा बाप येऊन चुडामणला म्हणाला, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिला आवरा. हितेंद्रची बायको लेकीला घेऊन माहेरी पिंपळनेरला गेली. तो स्वतः मळ्यातल्या खोलीवर राहायला लागला. गावात दिसेनासा झाला.

मकरसंक्रांतीच्या आधी एका दुपारी कौतिकबाई आली. तीस-बत्तीस वर्षं दोघी जावा एकाच आडाचं पाणी भरत होत्या. एकमेकींची बाळंतपणं त्यांनी केली होती. ती ओट्यावर बसली नाही, खाली पायरीशीच उकिडवी बसली.

"पुष्पे, अर्ज मागं घे."

पुष्पाबाई तीळ निवडत होती. सण करायचा नव्हता, पण तीळ घरात होते आणि हाताला काम हवं होतं.

"तुझा पोरगा गेला, मी तुझ्यासंगं रडली," कौतिकबाई म्हणाली. "मले कायबी ठाव नव्हतं, देवाशपथ. पन आता याले जेलात टाकून तुझा नीलू येनार हाये का? हा तं तिथी मळ्यात एकटाच बसतो. जेवत नाही. रात्री उठून दार उघडून उभा राहतो, मळ्याच्या राखनीचा जागल्या सांगत व्हता. याचंबी काही झालं तं?"

"तू जाते का त्याच्याकडी?"

"रोज जाते. भाकर नेते."

"मंग ने. दोन टाइम ने. आन् खाल्ल्याबिगर येऊ नको." पुष्पाबाईने सूप बाजूला सारलं. "तुझा पोरगा मरावा असं माह्या मनात नाही, अक्का. तो जगला पाहिजे. कोर्टात उभा राहून जसं अंगनात सांगलं तसं सांगाले जगला पाहिजे. त्या दोघाह्यच्या समोर. धाकूच्या समोर. त्या वाडीच्या समोर."

"आन् मंग?"

"मंग मले ठाव नाही."

कौतिकबाई रडायला लागली. पुष्पाबाईने तिला रडू दिलं. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं तिला एकदा वाटलं, हात थोडा उचललाही, पण तो पुढे गेला नाही. थोड्या वेळाने कौतिकबाई उठली, लुगड्याचा सोगा झटकला आणि भिंतीपलीकडे निघून गेली. चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला. मळ्यात न्यायच्या भाकरी ती थापत होती.